वारुळावरची अळंबी: काढायची कशी, पारखायची कशी, शिजवायची कशी

मृगाचा पाऊस लागला की गणपती होईपर्यंत माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो येतात. वरून काढलेली पांढरी टोपी, शेजारी चपलेचं टोक आणि खाली प्रश्न: ‘ही खायची का?’ उत्तर दरवर्षी एकच असतं. फोटोवरून नाही सांगता येत, आणि वरून काढलेल्या फोटोवरून तर मुळीच नाही.

हा लेख एकाच प्रकारासाठी आहे: सिंधुदुर्गात आणि गोव्यात जिला अळंबी किंवा अळमी म्हणतात, ती वारुळावर उगवणारी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हिचं नाव टर्मिटोमायसिस. विदर्भात सात्या, टेकोडे ही नावं चालतात, पण ती एकाहून अधिक प्रकारांना लावली जातात. नाव जुळलं म्हणून वस्तू तीच आहे असं धरू नका. कुजक्या लाकडावरची, शेणावरची, हिरवळीवरची, झाडाच्या बुंध्यातली अळंबी या लेखात नाही. इथल्या खुणा तिला लावायच्या नाहीत.

आणखी एक अट. गावात अळंबी काढणारं जाणतं माणूस असेल तर पहिले दोन-तीन पावसाळे त्याच्या मागून फिरा. लेख वाचून एकट्याने रानात जायचा बेत असेल तर अळंबी बाजारातून ओळखीच्या माणसाकडून घ्या आणि थेट सातव्या टप्प्यावर या.

टप्पा १: निघण्याआधी

पिशवी प्लास्टिकची नको. पहिल्या वर्षी मी दुकानाची कॅरीबॅग भरून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि वाटेत चहाला थांबलो. घरी पोचेपर्यंत आत वाफ धरली होती, दांडे बुळबुळीत झाले होते आणि वास मारत होता. सगळा माल गेला माडाच्या मुळात.

बांबूची टोपली किंवा रोवळी घ्या. सोबत सागाची किंवा कुंभ्याची दहा-बारा पानं, बांधायला दोरा, खुरपं, लहान सुरी, मऊ केसांचा जुना रंगाचा ब्रश, काठी. पायात गमबूट, कारण वारुळाभोवती साप असतातच, आणि दगडाखाली विंचू.

पहाटेच निघा. अळंबी एका दिवसात उमलते, दुसऱ्या दिवशी तिच्यात किडे पडलेले असतात.

इशारा: अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनोपज काढणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. गोव्यात या भागांतून दर पावसाळ्यात अळंबी निघते आणि वनखात्याशी वाद होतात. खाजगी बागेत जायचं असेल तर मालकाला आधी विचारा. कोकणात अळंबीची जागा ही घरची मिरासदारी असते, त्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले पाहिलेत.

टप्पा २: जागा निवडणं

वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते. खाल्लेल्या पाल्यालाकडाच्या विष्ठेचे स्पंजासारखे गड्डे रचते, त्यावर बुरशी वाढवते. पावसाने जमीन भिजली, हवा दमट-उबदार झाली की त्या गड्ड्यातून दांडा वर येतो आणि माती फोडून टोपी उघडतो. म्हातारी माणसं म्हणतात, ढग गडगडले की अळमी फुटतात. गडगडाटाचं मला माहीत नाही, पण जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस उघडीप मिळाली की मी टोपली काढतो.

वारुळाचा उंच ढिगारा दिसेलच असं नाही. पुष्कळदा जमीन सपाट असते आणि घर सगळं खाली. म्हणून जाणती माणसं जागा लक्षात ठेवतात, त्याच ठिकाणी वर्षानुवर्षं अळंबी येते.

कुठून घ्यायची नाही हे जास्त महत्त्वाचं:

वाळवीचं औषध ओतलेली जागा. नव्या घराचा जोता, माडाची-आंब्याची कलमं, लाकडाची वखार. वाळवी जिथे, तिथेच लोक क्लोरपायरीफॉससारखं औषध ओततात, आणि ही अळंबी वाळवीच्याच घरातून येते. हा धोका कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी तो पहिला लिहिला. मालकाला विचारताना ‘काढू का?’ एवढंच विचारू नका, ‘इथे औषध मारलं होतं का?’ हेही विचारा.

तणनाशक मारलेली काजूची बाग, हमरस्त्याची कड, कचऱ्याची जागा, खाणीच्या मातीचे ढीग. अळंबी जमिनीतले जड धातू शोषून साठवते. धुऊन ते जात नाहीत.

टप्पा ३: काढणं

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. टोपी धरून ओढतात, दांडा मातीशी मोडतो, आणि ओळख पटवणारा अर्धा भाग जमिनीतच राहतो.

माझी काकी पंचाहत्तरीची. मी पहिल्यांदा मूठभर टोप्या तिच्यापुढे ठेवल्या तेव्हा तिने त्यांना हात लावला नाही. “टोपी काय बघतंस? मूळ खंय?” म्हणाली, आणि सगळं उकिरड्यावर टाकायला लावलं. बहुतेक चांगलीच असावीत. पण ‘बहुतेक’ला तिच्या मडक्यात जागा नव्हती.

१. प्रत्येक पुंजक्यातून आधी एक अळंबी पूर्ण काढायची. दांड्यापासून चार बोटं लांब खुरपं घालून माती सैल करा आणि बोटांनी दांडा उघडा करत खाली जा.

२. वीतभर खाली गेलात की बस. वाळवीच्या गड्ड्यापर्यंत खणू नका. गड्डा फुटला तर पुढच्या वर्षी तिथे काही मिळणार नाही.

३. ही पहिली अळंबी पुढच्या टप्प्यातल्या चारही तपासण्यांत उतरली तरच बाकीची काढा. बाकीचीही मुळाच्या सुरुवातीसकट, दांडा हळू पिळून घ्या. प्रत्येकीचा तळ दिसलाच पाहिजे.

४. पूर्ण उमललेल्या निम्म्या तरी जागेवर ठेवा. बीजाणू, म्हणजे अळंबीचं धुळीसारखं बी, पडू देत. तशाही त्या शिजल्यावर चिवट लागतात. चवीला कळी सुटत आलेली, अर्धी उमललेली चांगली.

टप्पा ४: जागेवरच्या चार तपासण्या

चारही उतरल्या पाहिजेत. तीन उतरल्या, एक नाही, तर ती टाकायची. घासाघीस नाही.

पहिली, तळ. दांडा मातीत शिरल्यावर निमुळता होत मुळासारखा खोल जातो. वर पांढरा, खाली बहुधा मळकट, तपकिरी किंवा काळसर सालीचा. दांड्याचा तळ गोल फुगलेला नसतो. अंड्याचं कवच फुटून राहावं तशी वाटी तर अजिबात नसते. वाटी दिसली की हात काढा. ती अमानिटा कुळाची खूण आहे आणि या कुळातल्या काही जाती यकृत निकामी करून माणूस मारतात. ही वाटी मातीतच राहते. म्हणून तर वरून उपटायचं नाही.

मूळ लांब आहे एवढ्यावर मात्र विसंबू नका. पुरलेल्या लाकडावर उगवणाऱ्या, लांब मुळाच्या वेगळ्या अळंब्याही आहेत.

दुसरी, टोक. टोपीच्या मधोमध भाल्याच्या टोकासारखा टणक उंचवटा असतो, बहुतेक वेळा भोवतीपेक्षा गडद. त्यानेच ती माती फोडून वर येते. टोपी उघडली तरी बोटाला तो लागतो. टोपीवर सुटे खवले किंवा चिकटलेले पांढरे ठिपके असतील तर टाका. ठिपके नाहीत म्हणून मात्र सुटका नाही, ते पावसाने धुऊन जातात.

तिसरी, पात्या. टोपी उलटी करा. खालच्या पातळ पात्या दाट असतात, कोवळेपणी पांढऱ्या, मग फिकट गुलाबी छटेच्या, आणि दांड्यापर्यंत येऊन त्याला न चिकटता थांबतात. दांड्याभोवती बारीक मोकळी फट दिसते. पात्या दांड्याला चिकटलेल्या असतील किंवा त्यांच्यावर हिरवट झाक असेल तर टाका.

चौथी, कडं. दांड्यावर बांगडीसारखं कडं असेल तर सोडून द्या. वारुळावरच्या काही खऱ्या जातींना कडं असतं हे मला ठाऊक आहे, जाणती माणसं ती खातातही. नवख्याने ती सोडण्यात फारतर एक भाजी जाते.

इशारा: कळ्या सगळ्यात फसव्या. अमानिटाची न उमललेली कळी अंड्यासारखी दिसते. एखादी कळी उभी चिरून बघा. बाहेरच्या जाड आवरणाच्या आत बंद छत्रीची आकृती दिसली तर तो पुंजका संपूर्ण सोडा.

आणखी एक फसवी आहे ती हिरवळीवरची. शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या लॉनमध्ये, शेणखताच्या ढिगाजवळ पावसात मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, वर तपकिरी खपल्या, दांड्यावर वर-खाली सरकणारं कडं. हिचं नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. कोवळी असताना पात्या पांढऱ्याच असतात, हिरवा रंग नंतर येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. शहरातून येणारे निम्मे फोटो हिचेच असतात.

लोक सांगतात, पण ज्यांवर विसंबायचं नाही अशा खुणा: चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण किंवा भात काळा पडणं, हळदीचा रंग बदलणं, टोपीची साल सहज सुटणं, गोगलगाईने किंवा किड्याने खाल्लेलं असणं, शेळीने खाल्लेलं असणं, वास चांगला असणं. यातल्या एकाचाही विषाशी संबंध नाही. किड्याला जे चालतं ते माणसाच्या यकृताला चालेलच असं नाही. फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवरही पोट सोपवू नका, त्याला मातीतला तळ दिसत नाही.

टप्पा ५: टोपलीत भरणं

माती घरी न्यायची नाही. जागेवरच मुळाचा मातकट भाग सुरीने कापा आणि टोपी ब्रशने झाडा. मातीसकट भरलेली अळंबी पात्या वर करून पडते, मग सगळी वाळू पात्यांत जाते आणि घरी कितीही धुतली तरी दाताखाली कचकचते. प्रत्येक पुंजक्याची वेगळी पुडी, पानात गुंडाळून, दोऱ्याने बांधून. पुंजक्यामागे दोन अळंब्या, एक पूर्ण उमललेली आणि एक मुळासकट न कापलेली, तशाच त्या पुडीत ठेवायच्या. त्या पुढे लागतील.

तपासणी: निघण्याआधी टोपली पानावर ओता आणि प्रत्येक अळंबी पुन्हा एकदा हातात घ्या. वारुळाशेजारी दुसरं काही उगवू शकतं. घाईत एखादं त्यात येतं. माझ्या टोपलीत तिसऱ्या वर्षी एक वाटीवाली निघाली होती, चाळीस चांगल्यांमध्ये एक. त्या पुडीतलं सगळं टाकलं.

टप्पा ६: बीजाणूंचा ठसा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, कारण अळंबी आणली की दुपारच्या जेवणाला हवी असते. नवख्याने सकाळी काढलेली अळंबी रात्रीच खायची.

१. निम्मा पांढरा, निम्मा काळा कागद शेजारी-शेजारी ठेवा.

२. पुडीतल्या उमललेल्या अळंबीचा दांडा टोपीशी कापा आणि टोपी पात्या खाली करून दोन्ही कागदांवर येईल अशी ठेवा.

३. वर वाटी पालथी घाला. चार ते सहा तास हात लावू नका. पुंजक्यामागे एक ठसा.

४. उरलेली अळंबी तोवर कागदात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये, न धुता.

ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबीसर मलई रंगाचा आला तर ठीक. हिरवट आला तर फेका. शुभ्र पांढरा आला तर फेका, अमानिटाचा ठसा पांढरा असतो. म्हणून काळा कागद, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. गुलाबी ठसा देणाऱ्या विषारी जातीही आहेत, त्यांच्या पात्या दांड्याला चिकटलेल्या असतात. थोडक्यात, ठसा बरोबर आला म्हणून चौथ्या टप्प्यात नापास झालेली पास होत नाही. ठसा उमटलाच नाही तर तो पुंजका खायचा नाही.

टप्पा ७: साफ करणं

अळंबी पाण्यात भिजत घालू नका. ती पाणी पिते, मग कढईत सुटतं ते पाणीच, चव नाही.

आधी कोरडंच: दांड्याची खरबरीत साल सुरीने खरवडा, काळं पडलेलं काढा, टोपीचं टणक टोक चिमटीने मोडा (लहान असेल तर राहू द्या). मग हाताने उभी फाडा. चांगला दांडा शिजलेल्या कोंबडीसारखा धाग्याधाग्याने फाटतो. सुरीने चिरलं की आतली अळी दिसत नाही, फाडलं की दिसते. बारीक भोकं आणि पिवळी वाट दिसली तर तेवढी टाका.

मग एका पातेल्यात मीठ-हळदीचं पाणी. मूठ-मूठ अळंबी त्यात दोनदा बुडवून लगेच रोवळीत उपसा. वाळू तळाशी बसते, म्हणून पातेलं उलटं करून रोवळीत ओतायचं नाही, हाताने वरून काढायचं. पाणी दोनदा बदला. तिसऱ्यांदा तळ स्वच्छ दिसला की झालं. दहा मिनिटं निथळू द्या.

बाजारातून घेतली असेल तर आधी पुडी पूर्ण उलगडा. विकणारा नगावर विकतो, पानाच्या आतल्या थरात शिळी, काळी पडलेली असू शकते. दांडे मुळाशी कापलेले असतील तर तुम्हाला पारख करता येत नाही. अशी अळंबी ओळखीच्या घरूनच घ्यायची, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून नाही.

टप्पा ८: शिजवणं

अळंबी कच्ची किंवा अर्धीकच्ची खात नाहीत. पण शिजवणं हा विषावरचा उपाय नाही. अमानिटाचं विष उकळून, तळून, वाळवूनही जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली. तीही शिजवूनच खाल्लेली.

चार माणसांच्या सुक्याला मध्यम आकाराच्या चाळीसेक अळंब्या. वाटपाला अर्ध्या नारळाचं खोबरं, दोन कांदे (एक वाटपात, एक फोडणीला), पाच-सहा बेडगी मिरच्या, मोठा चमचाभर धणे, पाच मिऱ्या, दोन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लसूण पाकळ्या. शिवाय आमसुलं तीन.

क्रम महत्त्वाचा.

१. रुंद कढई, तेल न घालता. अळंबी, पाव चमचा हळद, थोडं मीठ. झाकण ठेवून मध्यम आंच. पाणी घालायचं नाही, पाच मिनिटांत तिचंच इतकं सुटेल की बुडून जाईल.

२. झाकण काढा आणि ते पाणी आटवत न्या. वाटप आधी घातलं की पाणी आटत नाही, मसाला कच्चा राहतो आणि अळंबी रबरासारखी होते. दहा-बारा मिनिटांत पाणी जवळपास संपून कढईच्या कडेला चरचर आवाज यायला लागतो. तो आवाज येईपर्यंत पुढे जायचं नाही. रस्सा करायचा असेल तर दोन पळ्या पाणी वाटीत काढून ठेवा, खालची वाळू सोडून वरचं वापरा.

३. तोवर दुसरीकडे धणे-मिरी-लवंग-दालचिनी कोरडी, मग कांदा-लसूण तेलावर, शेवटी खोबरं तांबूस होईपर्यंत भाजा. मिरच्या शेवटी टाका, आधी घातल्या की करपतात. बारीक वाटा. श्रावणात कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी खोबरं जरा जास्त भाजावं, चव भरून निघते.

४. अळंबी बाजूला काढा, त्याच कढईत तेल, चिरलेला कांदा, त्यावर अळंबी परता. मग वाटप, अर्धी वाटी पाणी, मंद आंचेवर दहा मिनिटं.

५. आमसूल शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातलं तर दांडे आवळतात. आणि गरम मसाल्याची पूड वरून भुरभुरू नका, अळंबीला मातीसारखा, भिजल्या लाकडासारखा स्वतःचा वास असतो, तो तिने मरतो.

सोबत तांदळाची भाकरी. भातावर घ्यायचं तर रस्सा.

आज शिजवायला जमत नसेल तर पहिल्या दोन पायऱ्या करून फ्रिजमध्ये ठेवा, उद्या संपवा. फाडलेली कच्ची अळंबी रात्रभर ठेवायची नाही.

टप्पा ९: पहिल्यांदा खाणं

पहिल्या वेळी एकच प्रकार, दोन-तीन घास, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी नाही. मुलं, गरोदर बाई, यकृताचा आजार असलेलं माणूस यांना नाही. त्या रात्री दारू नाही. पाहुण्यांना पहिल्या वर्षी वाढूच नका. हे दोन-तीन घास चांगल्या अळंबीचीही कोणाकोणाला होणारी पोटदुखी कळावी म्हणून, ओळख पटवायला नव्हेत. विषारी अमानिटाची एक टोपीही जीव घ्यायला पुरते.

मुळासकट ठेवलेली ती एक-एक अळंबी कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या.

त्रास झाला तर

दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब लागले तरी दवाखान्यात जा. पण सहा तासांनंतर, म्हणजे रात्री खाऊन पहाटे, लागले तर थेट मोठ्या रुग्णालयात, घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता. उशिरा येणारा त्रास जास्त घातक असतो. अमानिटाच्या विषात पहिल्या उलट्या-जुलाबांनंतर दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, माणूस उठून बसतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. यकृत तेव्हाच निकामी होत असतं. बरं वाटतंय म्हणून रुग्णालयातून उठून यायचं नाही.

१०८ वर गाडी बोलवा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टरांना द्या. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना घेऊन जा, त्रास होत नसला तरी. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता पहिली उलटी झाली हे कागदावर लिहा. आणि फ्रिजमधली ती मुळासकटची अळंबी, ठशाचा कागद, कढईत उरलेलं सुकं डब्यात भरून सोबत न्या.